तुम्ही विचारलंत म्हणून: ऑक्टोबरात, आणि तेही आत्ता?

‘अहो, एवढं सगळं डोक्यावर असताना तुम्हाला भटकायला सुचतं तरी कसं? आणि जायचंच तर डिसेंबरात जा की. या ऑक्टोबरच्या उन्हात कसलं जाता!’

आम्ही घरचे ऑक्टोबरातही रविवारी सकाळी ठाण्याच्या आसपासच्या डोंगरांत चालायला जातो, म्हणून हा प्रश्न मला जिन्यात, ऑफिसात डबा खाताना आणि दसऱ्याला सोनं देताघेताना हमखास येतो. विचारणारे आपुलकीनेच विचारतात. थोरल्या जाऊबाईंच्या स्वरात किंचित ‘काय हे’ असतं, पण तो त्यांचा हक्क आहे.

डोक्यावर काय आहे ते आधी सांगते, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांना कळेल. आमची ठाण्यात नौपाड्यातली तीन मजली इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. निघाली आहे म्हणजे सहकार कायद्याच्या ७९ अ कलमाखाली पुनर्विकासासाठी घ्यावी लागते ती सभा झाली, एक डेव्हलपर आला, गेला, दुसरा आला, आणि भाड्याचे चेक किती महिन्यांचे आगाऊ घ्यायचे यावर गच्चीत अजून आवाज चढतात. लेक ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. प्रोजेक्ट संपला तेव्हापासून ती बेंचवर आहे, म्हणजे नोकरी आहे पण हातात काम नाही, आणि तिचं अर्धं काम आता एआय करतं असं तिचीच मॅनेजर सांगते. ह्यांची निवृत्ती तोंडावर आलेली. पुढच्या ऑक्टोबरात आम्ही कुठे राहत असू, घरात किती पगार येत असतील, हे आज कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

आता प्रश्नाचा सोपा अर्धा भाग: ऑक्टोबरच का?

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबई-ठाण्यातून मोसमी पाऊस परतायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. २०२० पर्यंत ती सप्टेंबरच्या अखेरीची होती. अलीकडच्या वर्षांच्या नोंदी बघून खात्याने ती पुढे ढकलली. आणि पाऊस गेला असं जाहीर करायला नुसतं ऊन पडून भागत नाही, सलग पाच दिवस कोरडे जावे लागतात आणि हवेतला ओलावा उतरलेला दिसावा लागतो. म्हणजे ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा धड पावसाळा नाही, धड हिवाळा नाही. आभाळ मोकळं झालेलं, जमीन अजून ओली, वारा पडलेला. समुद्रावरून येणारा वारा दिवसाचा बराच वेळ ताटकळत ठेवतो, आणि तो येईपर्यंत घाम सुकत नाही. दुपारी एक वाजता नौपाड्यातून स्टेशनपर्यंत चालत गेलं तरी ब्लाऊज भिजतो, तर डोंगरावर काय होईल, हे जाऊबाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं.

पण मी दुपारी जातच नाही. सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. तिथून साडेनऊ-दहापर्यंतची जी हवा असते ती ऑक्टोबरची खरी हवा. गवतावर दव, नजर लांबवर पोचते, पावसाने धुतलेलं सगळं अजून धुतलेलंच असतं. अकरा वाजले की परत फिरायचं. दुपारनंतर डोंगरांवर ढग जमतात आणि परतीचा पाऊस येतो तो विजा घेऊन. तेव्हा उघड्या कातळावर असणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा.

या तीन-चार तासांत काय दिसतं ते डिसेंबरवाल्यांना सांगून पटत नाही. डिसेंबरात ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या डोंगरावर गेलात तर थंडी छान असते, पण ओढे आटलेले, गवत पिवळं पडून आडवं झालेलं, पानांवर लाल धूळ. ऑक्टोबरात कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे कमरेएवढे उभे असतात, तेरडा संपत आलेला असतो, उघड्या माळावर सोनकीचा पिवळा रंग असतो. सात-आठ वर्षांनी एकदा कारवी फुलते, तेव्हा तर आख्खा उतार जांभळा होतो. २०१६ साली झाला होता. ओढ्यातल्या दगडांवर शेपूट वरखाली हलवत करडा धोबी फिरत असतो. हिमालयाकडून, त्याच्याही पलीकडून तो सप्टेंबरातच येऊन पोचलेला असतो, पाऊस गेल्याचं जाहीर व्हायच्या आधी.

आणि कोळी. पावसाळा उतरता उतरता येऊरच्या रानात जायंट वुड स्पायडरची जाळी लागतात. दोन झाडांच्या मधे, बरोबर आपल्या तोंडाच्या उंचीवर. मादी पायांसकट तळहाताएवढी, काळी, पाठीवर पिवळे पट्टे, जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून बसलेली. ऊन तिरकं आलं की धागा खरोखर सोनेरी दिसतो. जरा वर एक बारीकसा तांबूस किडा दिसतो, आपल्याला वाटतं तिचं भक्ष्य असेल. तो तिचा नर असतो. गेल्या वर्षी लेक त्या जाळ्यासमोर बराच वेळ उभी होती. मला वाटलं घाबरली. तर म्हणते, ‘आई, ह्याचं टेस्टिंग कोण करत असेल गं?’ ह्यांनी मागून उत्तर दिलं, ‘माशी.’

येऊरचं एक सांगायला हवं. वर पाटोणापाडा, जांभूळपाडा असे आदिवासी पाडे आहेत, तिथपर्यंत रस्ता आहे. पण रानातल्या पायवाटांवर जायचं तर वनखात्याची परवानगी लागते, कारण हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. बिबटे आहेत. आम्ही उजाडल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही आणि एकटं कोणी पुढे जात नाही. शनिवारी रात्री वरच्या बंगल्यांवर पार्ट्या करून सकाळी गाड्या उडवत खाली येणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, लिहिलं तर हा लेख त्यातच संपेल. शिवाय या डोंगराखालून आता ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम चाललंय, जोडरस्ते धरून सुमारे १२ किलोमीटरचं. स्थिरस्थावर असं आमच्या इमारतीतच नाही, डोंगरातही काही नाही.

आता अवघड अर्धा भाग.

माझे बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात होते. तेव्हा त्या पट्ट्यात रंग, औषधं, रसायनं, इंजिनिअरिंग असे एकाला लागून एक कारखाने होते आणि तिथली नोकरी म्हणजे जावई पसंत. बाबांकडे एक लांब वही होती. त्यात साल घालून पुढचं सगळं लिहिलेलं. या साली माझी दहावी, या साली भावाचं इंजिनिअरिंग, या साली लग्न, या साली फंड, या साली गावाकडे दोन खोल्या. त्यात माथेरानही होतं. ठाण्याहून नेरळ म्हणजे गाडीत बसलं की तास-सव्वा तास, आणि पुढे १९०७ पासून धावणारी ती छोटी गाडी. आम्ही दर सुट्टीत विचारायचो. ते म्हणायचे, ‘जरा स्थिरस्थावर होऊ दे, मग निवांत जाऊ.’ आधी मोठा हप्ता होता, मग आजीचं आजारपण, मग संप, मग कारखाना बंद झाला आणि देणी तुकड्या-तुकड्यांनी येत राहिली. वहीतली सालं येऊन गेली. बाबा गेले, ते माथेरान न बघता. आता त्या रस्त्यावर काचेच्या इमारती आहेत आणि त्यातल्याच एका इमारतीत माझी लेक बेंचवर बसते.

बाबांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या वहीमुळेच आम्ही शिकलो. एसआयपी मीही भरते, पतपेढीत हिशेब लिहून माझी निम्मी हयात गेली, आकड्यांची मला भीती नाही. पण दहा वर्षांचं लिहायला बसले की आता पेन पुढे सरकत नाही. पुढच्या महिन्याचं भाडं कोण देणार हे माहीत नसताना २०३५ चं काय लिहू? मग रविवारचं लिहिते. रविवारचं मला ठाऊक असतं. डबा काय, बस कुठली, पाणी किती, परत कधी. माझ्या आयुष्यात सध्या ठरल्याप्रमाणे पार पडणारी तेवढी एकच गोष्ट आहे आणि ती मला सोडवत नाही.

काळजी घरी राहते असं मात्र समजू नका. ती आमच्याबरोबर बसमधे चढते. फरक एवढाच की घरी रात्री अकराला ती निघते तेव्हा टीव्ही चालू असतो, कोणीतरी फोनमधे असतं, आणि तिसऱ्या वाक्याला भांडण होतं. चालताना सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात. मागच्या वेळी पारसिकच्या डोंगरावर, खाली खाडी दिसते त्या वळणावर, लेकीने चालता चालता सांगितलं की ती दुसरा कोर्स करणार आहे, पगार कमी मिळाला तरी चालेल, आणि घराच्या हप्त्यांत तिला धरू नका. हे ती घरी किती दिवस घोळवत होती कोण जाणे. हे म्हणाले, ‘बरं. पाणी पी.’ पुढे दहा मिनिटं कोणी बोललं नाही आणि मग आम्ही भाड्याचं गणित पुन्हा केलं, तिला वगळून. ते जमत नाही, हेही कळलं. पण कुठे जमत नाही तो आकडा तरी हातात आला.

मुरबाडकडे माझ्या मामाची भातशेती आहे. ऑक्टोबरात हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात तयार असतं आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस असतो. कापलेलं भात सुकायला शेतात पसरायचं आणि वरून पाऊस आला की दाण्यांना कोंब फुटतात. उभं ठेवलं तर वाऱ्याने आडवं होतं. एकदा आम्ही तिकडे गेलो तेव्हा मामी बांधावर उभी राहून आभाळाकडे बघत होती. शेत आख्खं पिकलेलं, आणि तिने बायांना एकच खाचर कापायला लावलं होतं. मी विचारलं, बाकीचं? ‘दोन दिवसांत उचलून होईल तेवढंच कापायचं गं बाय. उरलेलं त्याचं त्याला ठाऊक.’ त्या दुपारी पाऊस आला. एक खाचर झाकता आलं, दुसरं थोडं आडवं झालं. मामीने चहा टाकला आणि उद्या कुठलं कापायचं ते मजुरांना सांगितलं.

ज्यांना यायचंय पण ऊन सोसत नाही, त्यांच्यासाठी काही सोय सांगते. डोंगर नको असेल तर ऐरोलीच्या खाडीकाठी जा. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मधे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेला. ऑक्टोबरात फ्लेमिंगो बहुतेक आलेले नसतात, बगळे आणि खंड्यांवर समाधान मानावं लागतं, पण गर्दीही नसते. पनवेलपलीकडे कर्नाळा आहे, तिथे बराच वेळ सावलीतून चालता येतं. नाक्यावर प्लॅस्टिकची तपासणी होते, हुज्जत घालू नका. माहुलीचा किल्ला मात्र ऑक्टोबरात नको, चढ लांब आहे आणि उतरताना ऊन डोक्यावर येतं. पाणी माणशी तीन लिटर, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, कारण ओल्या गवतात बारीक गोचिड्या असतात आणि त्या आठवडाभर आठवण ठेवतात. आमच्याकडे डब्यात घावन आणि लसणाची चटणी असते. उपमा आणू नका, नऊ वाजेपर्यंत त्याचा दगड होतो.

आणि जाऊबाई, तुम्ही येणार असाल तर शनिवारी रात्री नऊला फोन करा. त्याआधी विचारू नका. कुठे जायचं ते तोपर्यंत मलाच माहीत नसतं.