उजवीकडची सीट

बाबा 31 वर्षं चिपळूण आगारात ड्रायव्हर होते. कुंभार्ली घाट त्यांना तोंडपाठ. सोरेंतोला हॉटेलसमोर गाडी आली तेव्हा ते सवयीने उजव्या दाराशी गेले, आत बसले आणि समोर स्टिअरिंग नाही हे बघून क्षणभर थबकले. इटलीत स्टिअरिंग डावीकडे. दिवसभर ते तिथेच बसले, आयुष्यभराच्या जागेवर, पण रिकाम्या हातांनी.

गाड्या तिथे रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात आणि सोरेंतोकडून अमाल्फीला जाताना समुद्रही उजवीकडेच असतो. म्हणजे बाबांच्या खिडकीखाली थेट पाणी. पोझितानोच्या अलीकडे पहिली मोठी वळणं लागली तसा त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायला लागला. मी मागे बसून बघत होते. आमचा चालकही बघत होता. तो काही बोलला नाही, फक्त पुढच्या वळणाआधी हॉर्न जरा लवकर दिला.

हा राज्यमार्ग क्रमांक 163. मेटापासून व्हिएत्रीपर्यंत सुमारे 50 किलोमीटर. एकोणिसाव्या शतकात, दक्षिण इटलीवर राज्य करणाऱ्या बूरबाँ राजांच्या काळात तो कड्यात कोरला गेला. त्याआधी या गावांत जायचं म्हणजे होडी, नाहीतर पायऱ्या आणि खेचरं. लिंबांची ओझी वाहणारी खेचरं अजून काही पायऱ्यांवर दिसतात. रस्ता झाला आणि चाकांवर पोट भरणारी घरं तयार झाली. आमच्या चालकाचं घर त्यातलंच. पणजोबांची घोडागाडी होती. आजोबांनी फियाट 600 मुल्टिप्ला घेतली, वडिलांनी मर्सिडीज, आणि आता याच्याकडे आठ प्रवासी बसतील अशी व्हॅन. मुल्टिप्लाची लांबी जेमतेम साडेतीन मीटर, ही व्हॅन पाच मीटरच्या वर. रस्ता मात्र बहुतेक ठिकाणी तेवढाच राहिला. दर पिढीला तेच वळण नव्याने शिकावं लागलं, असं तो म्हणाला. मला हे फार खरं वाटलं.

या धंद्याला तिथे एनसीसी म्हणतात. आपल्याला खाकी गणवेश आठवतो, पण हे 'नोलेज्जो कोन कोंदुचेंते', म्हणजे चालकासह भाड्याची गाडी. परवाना नगरपालिका देते. टॅक्सीसारखं स्टँडवर उभं राहून गिऱ्हाईक घ्यायचं नाही, बुकिंग आधी झालेलं असलं पाहिजे. 1992च्या कायद्याने परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येतो: पाच वर्षं चालवल्यावर, किंवा साठी गाठल्यावर, किंवा शरीर साथ देईनासं झालं तर. परवानाधारक वारला तर घरातल्या वारसाकडे जाऊ शकतो. पण नुसतं वारस असून चालत नाही, चालकांच्या नोंदवहीत नाव लागावं म्हणून परीक्षा द्यावी लागते. आमच्या चालकाची मुलगी त्या परीक्षेचा अभ्यास करत होती.

हे मी बाबांना मराठीत सांगितलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "आमचा बिल्ला शेवटच्या दिवशी आगारात जमा केला." एवढंच. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. कुठल्या वळणावर पावसाळ्यात दरड येते, धुक्यात कुठला दगड बघून गाडी डावीकडे घ्यायची, हे सगळं त्यांच्याबरोबर घरी आलं आणि आम्ही कुणी ते विचारलंही नाही.

प्रायानोच्या पुढे समोरून निळी बस आली. चालकाला ती येणार हे माहीत असावं, कारण वळणाच्या बहिर्गोल आरशात ती दिसायच्या आधीच त्याने वेग उतरवला होता. तिथला नियम असा, की जागा नसेल तर हलक्या गाडीने अवजड गाडीसाठी मागे यायचं. दोन्ही सारख्या असतील तर बहुधा उतारावरच्याने. आम्ही मागे गेलो. त्याने बटण दाबून दोन्ही आरसे मिटले, काच खाली केली आणि तळवा बाहेर काढून बसच्या पत्र्याच्या दिशेने आडवा धरला. बस सरकत होती. तळवा आणि पत्रा यांच्यामध्ये दोन बोटं, मग एक. बसवाल्याने त्याच्याकडे बघितलंही नाही, तो त्या तळव्याकडे बघत होता. बस निघून गेली तसे बाबा एकदम म्हणाले, "पोराचा हात सरळ आहे." मी भाषांतर केलं. चालक पहिल्यांदाच मोकळेपणी हसला.

मग दोघांचं सुरू झालं. घाटात चढाच्या गाडीला आधी वाट, हे आपल्याकडेही तसंच, हे बाबांनी हाताने दाखवलं. कड्यावर ताणलेल्या लोखंडी जाळ्या त्यांनी मोजल्यासारख्या बघितल्या. उन्हाळ्याच्या गर्दीत नंबरप्लेटच्या सम-विषमप्रमाणे बाहेरच्या गाड्या अडवतात, तिथल्या रहिवाशांना आणि टॅक्सी-एनसीसीला सूट असते, हे ऐकून त्यांनी मान डोलावली. अमाल्फीतलं कॅथेड्रल आम्ही घाईतच पाहिलं. लिंबाचं सरबत प्यायलो. वरच्या रावेल्लो गावाला जायचा बेत रद्द झाला, कारण चालक म्हणाला, घरी येता का, वडील गॅरेजमध्ये असतील.

गॅरेज म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला, लिंबाच्या वाफ्यांखालची दगडी खोली. वर चेस्टनटच्या खांबांवर मांडव आणि काळी जाळी. म्हातारे गृहस्थ फडक्याने व्हॅनची काच पुसत होते. आतल्या कोपऱ्यात चादरीखाली मुल्टिप्ला होती. त्यांनी चादर ओढली. फिकट निळा रंग, स्टिअरिंगचा काळा गोल हातांनी झिजून गुळगुळीत झालेला. त्यांनी बाबांना खुणेने आत बसायला सांगितलं, डावीकडे.

बाबा बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग डावा हात गिअर शोधायला खाली गेला आणि दारावर आपटला. ते तसेच थांबले. म्हाताऱ्याने पलीकडून वाकून त्यांचा उजवा हात मनगटाशी धरला, गिअरच्या दांडीवर नेऊन ठेवला आणि आपला हात तिथेच त्यावर राहू दिला.