साचा कशाचा करू?

जत्रा जवळ आल्या की गोव्यातल्या नाट्यमंडळांतली मुलं मला हमखास विचारतात, चिलखताचा साचा सिलिकॉनचा करू की प्लास्टरचा? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: साच्याचं नंतर बघा, आधी चिलखत कशाचं करायचं ते ठरवा. पालखीनंतर सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. तेवढा वेळ घामेजलेल्या अंगावर जे वागवायचं, ते हलकंच हवं, याबाबत मी हटून बसतो.

म्हणून छाती-पाठीसाठी माझी पहिली पसंती कागदाला. प्लास्टरच्या साच्यात कागदाचे तुकडे खळीत भिजवून थरावर थर लावायचे, पूर्ण सुकले की आतून सुती कापड चिकटवायचं. रंग नीट दिला तर मांडवातल्या दिव्यांखाली ते धातूचंच वाटतं. दिवाळीत नरकासुराचे पुतळे करणाऱ्या पोरांच्या हातात हे काम आधीच असतं, त्यांना बोलवा.

दरवर्षी वापरायचं असेल तर फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यांवर पॉलिएस्टर रेझिन लावून केलेलं कवच. त्यालाही प्लास्टरचा साचा चालतो, पण तो आतपर्यंत सुकलेला हवा. ओल राहिली तर पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात जाड प्लास्टर सुकता सुकत नाही. साचे चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, करायचेच असतील तर पंख्याखाली ठेवून भरपूर दिवस द्या. मग चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, दोन-तीन हात, त्यावर मेण. रेझिन घट्ट करणारं हार्डनर रेझिनच्या साधारण 1 ते 2 टक्के. घट्ट होण्याचा वेग वाढवणारं कोबाल्ट वेगळं घालायचं असेल तर आधी ते रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर त्यानंतरच. ही दोन्ही थेट एकमेकांत पडली तर भडका उडू शकतो, स्फोटही होतो. काम उघड्यावर करा आणि रसायनांच्या वाफेसाठी असतो तोच मास्क लावा. साध्या कापडानं वाफ अडत नाही. थर्माकोलच्या नमुन्यावर हे रेझिन थेट लावू नका, थर्माकोल विरघळतो.

सिलिकॉन कुठे? बाजूबंद, कमरपट्ट्याचं सिंहमुख, जिथे नक्षी आत वळते आणि कडक साच्यातून वस्तू सुटणार नाही, तिथे. खर्च मोठा, म्हणून पातळ थर देऊन बाहेरून प्लास्टरचा आधार द्यावा. सिलिकॉन दोन प्रकारचं, प्लॅटिनमनं घट्ट होणारं आणि टिननं. प्लॅटिनमवाल्याला गंधक चालत नाही. गंधक असलेल्या प्लॅस्टिसिनवर, म्हणजे नमुना घडवायच्या तेलकट मातीवर, ते घट्ट न होता चिकटच राहतं. टिनवालं तिथे चालतं, मात्र काळानं थोडं आकसतं. लहान नक्षीला पॉलियुरेथेन रेझिन सोयीचं, पण त्याला हवेतली ओल बाधते, फेस येतो. भर पावसात मी ते उघडत नाही.

आणि एकाच नटासाठी एकच चिलखत हवं असेल, तर साचा करूच नका. इव्हीए फोमची, म्हणजे हलक्या लवचिक फोमची, शीट कापा, गरम हवेनं वाकवा, जोडा. साच्याचा खर्च चार-पाच प्रती निघाल्या तरच पटतो.

माप घेताना नटाला बसवूनही बघा. उभ्यानं बरोबर वाटलेलं छातीचं कवच सिंहासनावर बसताच वर सरकून हनुवटीला लागतं, आणि राजाची अर्धी वाक्यं तिथे बसूनच असतात.