मृगाशेजारचा हिरवा पाहुणा

अमावास्येच्या आदल्या रात्री आम्ही तिघे एका उघड्या पठारावर गेलो होतो. सामान म्हणजे दोन फोन आणि एक ट्रायपॉड. नऊच्या सुमारास पहिला बरा फोटो आला. त्यात मृग नक्षत्र होतं, खाली व्याध होता आणि वर उजवीकडे एक धूसर हिरवा ठिपका. "धूमकेतू!" मित्र ओरडला. बरेच धूमकेतू फोटोत हिरवट येतात, त्यामुळे क्षणभर मीही भुललो. साध्या डोळ्यांना मात्र तिथे काहीच दिसेना.

मग फोन किंचित डावीकडे वळवून पुन्हा फोटो काढला. फ्रेममध्ये तारे उजवीकडे सरकले, ठिपका डावीकडे. सोंग उघडं पडलं. फोटोच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आमच्या मुक्कामाच्या खोलीबाहेरचा दिवा येत होता. त्याचा प्रकाश लेन्समधल्या भिंगांवर आपटून फोटोच्या मध्याच्या बरोब्बर पलीकडे उमटत होता. दिवा घालवला, धूमकेतूही गेला. मित्राचं तोंड अंधारातही दिसत होतं.

तुम्ही जाल तेव्हा विचित्र काही दिसलं की आधी एवढंच करा: फोन थोडा वळवा, दुसरा फोटो काढा आणि दोन्ही ताडून पाहा. ठिपका ताऱ्यांबरोबर सरकला तर तो आकाशातला. उलट्या दिशेने गेला तर काचेतला. फ्रेममध्ये जागच्या जागी राहिला तर बहुतेक सेन्सरचा, म्हणजे फोनमधल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा.

हा तिसरा प्रकारही आम्हाला भेटला. दुसऱ्या फोनच्या प्रत्येक फोटोत तेच दोन लाल ठिपके. हे हॉट पिक्सेल, म्हणजे प्रकाश नसतानाही चमकणारे सेन्सरचे बिंदू. एक्स्पोजर, म्हणजे एका फोटोला लागणारा वेळ, लांबलं आणि फोन तापला की वाढतात. लेन्स काळ्या कापडाने झाकून तेवढ्याच वेळाचा फोटो काढला, तर काळ्या फ्रेममध्येही ते तिथेच! फोन दहा मिनिटं बंद ठेवल्यावर एक जवळजवळ दिसेनासा झाला. चार्जिंगला लावून फोटो काढू नका, फोन आणखी तापतो.

तुटक रेघ दिसली तर लगेच घाबरू नका. गुगलच्या पिक्सेल फोनचा ताऱ्यांसाठीचा अ‍ॅस्ट्रो मोड सुमारे 4 मिनिटांत 16 सेकंदांचे 15 पर्यंत फोटो घेऊन एकावर एक रचतो, त्यामुळे जाणारा उपग्रह तुकड्यातुकड्यांनी उमटू शकतो. विमान असेल तर रेघेवर लुकलुकत्या दिव्यांचे ठिपके दिसतात. उपग्रह जास्त दिसतात ते सूर्यास्तानंतरच्या आणि सूर्योदयाआधीच्या एकदोन तासांत. रेघा नकोच असतील तर मध्यरात्रीच्या आसपास फोटो काढा.

कॅमेऱ्यावर चिकटवलेली जादा संरक्षक काच घरीच काढून ठेवा. माझ्या मते रात्रीच्या फोटोंची निम्मी भुतं तिथेच राहतात. बोटाचा तेलकट ठसाही पुसा, नाहीतर दिव्यांना लांब शेपट्या फुटतात.

पहाटे तीननंतर सगळ्या ताऱ्यांभोवती मऊ वलयं दिसायला लागली. फोकस बिघडला म्हणून मी अर्धा तास सेटिंगशी झटापट केली. शेवटी लेन्सवरून बोट फिरवलं तर ते ओलं. दव! कोरड्या सुती कापडाने पुसलं, पाच मिनिटांत परत तेच. मग फोन दोन फोटोंच्या मध्ये खिशात ठेवायला लागलो; उबेने दव धरेना, आणि फोन तापण्याइतकी ती ऊबही नव्हती.