मिठाची पट्टी ३२००, पॅनल २५००: तिढा सुटतोय

माझ्या पूलला मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र आहे. पाण्यातलं मीठ चाचणीच्या पट्टीवर ३२०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) येतं, यंत्राच्या पॅनलवर मात्र २५००. मागच्या नोंदीतला हा ७०० पीपीएमचा फरक तसाच आहे, पण खोट कुठे नाही ते आता कळलं: पट्टीत नाही.

पूल ४०,००० लिटरचा. पॅनलवर भरवसा ठेवला असता तर २८ किलो मीठ ओतावं लागलं असतं. मीठ वाफेबरोबर जात नाही, त्यामुळे जास्त झालं की पाणी सोडून नवं भरणं एवढाच उपाय उरतो. म्हणून आधी पट्टीचीच परीक्षा घेतली.

१ लिटर डिस्टिल्ड पाण्यात ३ ग्रॅम शुद्ध, आयोडीन नसलेलं मीठ घातलं की ३००० पीपीएमचं द्रावण होतं. एक ग्रॅमपर्यंतच दाखवणारा वजनकाटा इथे कुचकामी आहे. अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे थेट ५०० पीपीएम. तसाच काटा असेल तर लिटरभर द्रावणात ३० ग्रॅम मीठ घ्या आणि त्यातल्या १०० मिलीचं डिस्टिल्ड पाणी घालून पुन्हा १ लिटर करा.

पेल्यात जेमतेम अडीच सेंटिमीटर पाणी घ्यायचं आणि पट्टी उभी ठेवायची. वरची पिवळी रेघ बाहेरून भिजता कामा नये. पाणी पट्टीतल्या बारीक नळीतून चढतं तसं तपकिरी सिल्व्हर डायक्रोमेटचं पांढरं सिल्व्हर क्लोराइड होत जातं. रेघ पूर्ण काळपट झाल्यावरच पांढऱ्या भागाचं टोक वाचायचं. घाई केली की आकडा कमी येतो. तक्ता त्याच बाटलीवरचा हवा, कारण तो लॉटनुसार (उत्पादनाच्या खेपेनुसार) बदलतो. त्यात क्लोराइडचा वेगळा रकाना असेल तर तो वाचू नका. मिठाचा आकडा त्याच्या १.६५ पट असतो.

द्रावणाचं वाचन ३०००च्या अगदी जवळ आलं. मग पूलचं पाणी डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळलं, तर वाचनही निम्म्यावर! हा पडताळा फार समाधान देणारा आहे. पट्टीवरच्या मापाच्या वरच्या टप्प्यात एक बारीक रेघ शंभराहून जास्त पीपीएमची असते, तेव्हा शंभराच्या फरकाने अस्वस्थ होऊ नका. घट्ट झाकणाच्या बाटलीत ओलाव्यापासून जपलेल्या पट्ट्याच वापरा; सुट्या पट्ट्या घेऊच नयेत असं माझं ठाम मत आहे.

म्हणजे संशय सेलवर, यंत्राच्या क्लोरीन बनवणाऱ्या प्लेटांच्या भागावर. पॅनल मीठ मोजत नाही, प्लेटांमधून जाणाऱ्या विजेवरून अंदाज बांधतं. क्षाराचा थर, गार पाणी, प्लेटांवरचा झिजलेला लेप, तिन्हींमुळे आकडा खाली येतो. थर दिसत होता, म्हणून चार भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड (आधी पाणी, मग ॲसिड, चष्मा आणि हातमोजे घालूनच) घालून सेल भिजवला आणि बुडबुडे थांबताच काढला. जास्त वेळ ठेवला तर लेपच झिजतो. तरीही आकडा २५००वरच!

नवा सेल मागवायचा बेत होता, तो तूर्त थांबवला आहे. काही पॅनल साठवलेली सरासरी दाखवतात, त्या क्षणाचं वाचन वेगळ्या मेनूत असतं. आता ते वाचन दोन्ही ध्रुवतांवर (म्हणजे प्लेटांमधली वीज एकदा सुलट, एकदा उलट दिशेने जाताना), पाणी २५ अंशांच्या आसपास असताना घ्यायचं. दोन्ही बाजूंत मोठी तफावत निघाली तर प्लेटा संपत आल्या. दोन्ही ३२००च्या जवळ असतील तर फक्त सरासरी रीसेट करायची.

स्पावाल्यांसाठी: ब्रोमाइड घातलेल्या पाण्यात ही पट्टी ब्रोमाइडलाही मीठ समजते, कारण चांदी त्याच्याशीही जुळते. आणि १२०० लिटरला १०० ग्रॅम मिठानेच ८३ पीपीएम वाढतात, तेव्हा मीठ मोजूनच घाला.