गाठी निघाल्या, पुढचं कुणी सांगितलं नव्हतं

मला एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. चौथी स्टेज, सगळ्यात तीव्र. दोन्ही बीजकोषांत चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेल्या गाठी), आतडं गर्भाशयाला मागून चिकटलेलं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि पाळीच्या दिवसांतलं ते जीवघेणं दुखणं थांबलं. घरच्यांच्या लेखी विषय मिटला. "गाठी काढल्या ना, मग आता कसली अडचण?" सासूबाईंनी विचारलंच.

अडचण मूल होण्याची होती. सिस्टची भिंत सोलून काढताना बीजकोषाचा चांगला भागही थोडा जातो. माझं एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ऑपरेशनआधी २.४ होतं, नंतर १.१ आलं. माझं तर अवसानच गळालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा आकडा बीजांची शिल्लक सांगतो, दर्जा नाही. दर्जा मुख्यतः वयावर." मी ३३ वर्षांची.

मग त्यांनी ऑपरेशन नोट मागितली, म्हणजे आत काय दिसलं आणि काय केलं याची सर्जनची नोंद. माझ्याकडे नुसतं डिस्चार्ज कार्ड. त्या हॉस्पिटलने नोटसाठी पुष्कळ हेलपाटे घालायला लावले, पण सगळा निर्णय तिच्यावरच झाला. तिच्यावरून ईएफआय, म्हणजे ऑपरेशननंतर आपले आपण दिवस राहण्याची शक्यता सांगणारा अंक, काढतात: वय, किती वर्षं प्रयत्न चाललेत, आधी कधी दिवस राहिले होते का, आणि ऑपरेशननंतर नळ्या, त्यांची टोकं, बीजकोष कितपत कामाचे उरलेत. दहापैकी मार्क. स्टेज चौथी असूनही मार्क बरे पडू शकतात! माझे सहा आले. उजवी बाजू ठीक, डावी नळी जवळपास निकामी.

दुखणं उलटू नये म्हणून चालू असलेली डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी बंद झाली. ती घेताना बीज सहसा सुटत नाही. नवऱ्याची वीर्यतपासणीही तेव्हाच उरकली (बायकोच्या पोटावर ऑपरेशन होतं, तरी ही साधी तपासणी मागेच राहते). काही महिने आपले आपण प्रयत्न, नाही जमलं तर आयव्हीएफ, असं ठरलं.

नाहीच जमलं. आयव्हीएफ सुरू झालं. इंजेक्शनची पेनं फ्रीजच्या दारात, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. सोनोग्राफीत डावीकडे छोटी सिस्ट पुन्हा दिसली. ती काढायची का, तर बाईंनी साफ नाही म्हटलं. उरलीसुरली बीजं त्यात कशाला घालवायची? बीजं थोडीच मिळाली, भ्रूण दोन झाले.

पहिला टिकला नाही. दुसरा गोठवलेला आहे, दिवाळीनंतरची तारीख दिलीय. तोवर डोहाळजेवणांची आमंत्रणं सासूबाई परस्पर परतवतात.