अर्धी गोळी

जुलैत मालवणात माझ्या दवाखान्यात येणारी कुत्री बहुतेक गोचीडतापाची असतात आणि मांजरं मारामारीच्या जखमांची. त्यामुळे आचऱ्याच्या एक आजी भिजत भिजत पिशवीतून बोका घेऊन आल्या, तेव्हा मी मनात गळू फोडायच्या तयारीनेच पिशवीची चेन उघडली.

बोक्याचं तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं. पुढचे पंजेही. जबडा उघडा ठेवून धापा टाकत होता. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या चिकूच्या सालीच्या रंगाच्या.

"आजी, यानं काय खाल्लं?"

"काय खाता? चार दिस जेवक नाय. ताप इलेलो, म्हणान गोळी दिलंय. अर्धीच!"

माणसांची पॅरासिटामॉल, ५००ची. काल रात्री नऊला, दुधात कुस्करून. आजींनी काही अंदाजपंचे केलं नव्हतं. नातवाचं थर्मामीटर बोक्याच्या काखेत धरलं, १०१ आलं, लहान जीव म्हणून गोळी अर्धी केली. पोराला ताप आला असता तर मीही याहून वेगळं काय केलं असतं?

पण साडेतीन किलोच्या बोक्याला अडीचशे मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे सत्तरच्या वर, आणि मांजरं किलोमागे दहा मिलिग्रॅमनेसुद्धा आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. हे औषध निकामी करायला आपल्या यकृतात जे विकर (एन्झाइम) असतं, ते मांजरात जवळजवळ नसतंच. मग उरलेला विषारी अंश रक्तावर उलटतो. हिमोग्लोबिन असतं, पण प्राणवायू वाहून नेत नाही.

खात्रीसाठी बोक्याच्या रक्ताचा एक थेंब पांढऱ्या गॉजवर घेतला आणि शेजारी माझ्या बोटाचा एक. माझा लाल. त्याचा कोऱ्या कॉफीसारखा, आणि हवा लागून पाच मिनिटं झाली तरी तसाच. आजी दोन्ही डागांकडे आळीपाळीने बघत होत्या. काही बोलल्या नाहीत.

यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन. माणसांच्याच औषधांत मिळतं, फक्त माझ्या कपाटात नव्हतं. सहाय्यकाला मेडिकलमध्ये पिटाळलं. पहिल्या दुकानात नाही, दुसऱ्यात कफाच्या फसफसणाऱ्या गोळ्या, तिसऱ्यात इंजेक्शनच्या चार कुप्या. तोवर बोका प्राणवायूच्या नळीपाशी, प्लॅस्टिकच्या खोक्यात. त्याला हात लावायचीही भीती वाटत होती. अशा अवस्थेत मांजर नुसतं धरलं तरी दगावू शकतं.

किलोमागे १४० मिलिग्रॅम म्हणजे ४९० मिलिग्रॅम. २० टक्क्यांच्या कुपीतलं अडीच मिली, ग्लुकोजमध्ये चौपट पातळ करून, शिरेतून सावकाश. नंतर दर सहा तासांनी निम्मं. सोबत क जीवनसत्त्व. दुपारी लघवी झाली तीही कॉफीच्या रंगाची. रात्री लाइट गेली आणि दोनचा डोस मी मोबाइलच्या उजेडात दिला. आजी बाकड्यावर बसून होत्या. घरी जा म्हटलं तर "नको" एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूज उतरली. तिसऱ्या दिवशी हिरड्यांना कुठेतरी गुलाबी छटा आली.

मूळ दुखणं काय, हे मी शोधत राहिलो. गळू नाही, जखम नाही, पोट मऊ. शेवटी आजींकडूनच कळलं. एक जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत ताजे मासे मिळणं मुश्कील, आणि स्वारीला सुकट चालत नाही! रुसून चुलीच्या उबेला पडून राहायचा. आजींच्या हाताला अंग गरम लागलं ते तिथे.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी कुठूनतरी खाडीतला मासा उकडून आणला. बोक्याने काट्यासकट संपवला. घरी सोडण्याआधी मी तापमान घेतलं, १०१.४. मांजराचं असतंच तेवढं. १००.५ ते १०२.५, सगळं ठीक. कागदावर लिहिलं आणि सलाइनची सुई काढायला लागलो.

आजींनी कागद वाचला आणि माझा हात धरला.

"ओ डॉक्टरांनु, ताप तर तितकोच आसा!"

तीन दिवस मी त्यांना गोळीबद्दल दहा वेळा बोललो होतो. हे एक सांगायचंच राहिलं होतं.