आमची वाटचाल : तीन अमिनो अ‍ॅसिडपासून नऊपर्यंत

सुरुवात मी आणि धाकट्या भावाने केली, एक खोली, एक वजनकाटा आणि एकच प्रॉडक्ट, बीसीएए पावडर, म्हणजे स्नायूंसाठी व्यायाम करणारे पितात ती तीन अमिनो अ‍ॅसिडची (प्रोटीन ज्या घटकांचं बनतं ते) पावडर. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन 2:1:1 प्रमाणात, तेव्हा सगळेच ते विकत होते म्हणून आम्हीपण.

पहिला दणका ल्युसिनने दिला. ते पाण्यात भिजतच नाही हो, शेकर कितीही हलवा, वर पांढरा थर तरंगतच राहतो आणि चव इतकी कडू की दुसरा घोट नको वाटतो. पहिल्या बॅचचे कितीतरी डबे परत आले. मग लेसिथिनचा, म्हणजे पावडर पाण्यात मिसळायला मदत करणाऱ्या पदार्थाचा, पातळ थर दिलेलं ल्युसिन मागवलं, पहिल्यांदा ग्लासात टाकलं आणि पावडर हळूहळू ओली होऊन खाली उतरताना आम्ही दोघं नुसते बघत बसलो होतो.

पण खरा बदल झाला एका वेटलिफ्टर मुलामुळे. दिवसातून तीनदा आमचं बीसीएए प्यायचा, जेवण मात्र अर्धवट, आणि विचारायला आला की दादा, अंगावर काहीच का चढत नाही? त्याला धड उत्तर देता आलं नाही म्हणून वाचायला बसलो. स्नायूंच्या प्रोटीनला 20 अमिनो अ‍ॅसिड लागतात, त्यातली 9 शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती बाहेरूनच यावी लागतात. ल्युसिन फक्त काम सुरू करा म्हणून सांगतं, मालच नसेल तर गवंडी काय करणार? बाकीची सहा मग शरीर स्वतःच्याच स्नायूंतून काढतं. त्यानंतर आमचं सगळ्यात जास्त खपणारं बीसीएए आम्ही बंद केलं आणि ही गरजेची नऊच्या नऊ अमिनो अ‍ॅसिड असलेली पावडर, ईएए, काढली, डब्यावर प्रत्येकाचे ग्रॅम वेगळे छापून. विक्री पडली, बरेच महिने पडलेलीच होती.

मधे व्हे प्रोटीन, म्हणजे दुधातून काढलेली प्रोटीन पावडर, पण करून बघितलं. एका सप्लायरच्या मालाचा रिपोर्ट 80 टक्के प्रोटीन दाखवत होता, पण हा आकडा नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणून काढतात, त्यामुळे ग्लायसिन हे नायट्रोजन असलेलं स्वस्त अमिनो अ‍ॅसिड मिसळलं तरी तो वाढतोच. आम्ही एचपीएलसी टेस्ट केली, जिच्यात प्रत्येक अमिनो अ‍ॅसिड वेगळं मोजता येतं, ग्लायसिन भरमसाट निघालं, सगळे ड्रम परत पाठवले. तेव्हापासून प्रत्येक बॅच बाहेरच्या लॅबमधे जाते, कारण स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूच्या शरीरात बंदी असलेलं काही सापडलं तर जबाबदार तोच धरला जातो, डबा कुणाचाही असो.

गिऱ्हाईकाला आधी विचारतो, रोजचं प्रोटीन किती? व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे साधारण 1.4 ते 2 ग्रॅम जेवणातूनच मिळत असेल तर आमचा डबा घेऊ नका असं स्पष्ट सांगतो. ज्यांना व्यायामाआधी जड काही चालत नाही किंवा भूकच कमी आहे त्यांना मात्र ईएए खरंच उपयोगी पडतं.

सध्या त्या नवातल्या मेथिओनिनच्या वासाशी झगडतोय, त्यातल्या गंधकामुळे डबा उघडला की उग्र वास येतो, भाऊ आज चौथा फ्लेवर मिसळून बघतोय.